भांडी बाजारातलं तंबाखूचं दुकान: प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार

माळ्यावरच्या दोन्ही ट्रंका आज खाली घेतल्या. आत निघालं ते असं: मोडीतल्या लांबट चोपड्या, लाल कापडी बांधणीच्या देवनागरी खतावण्या, अबकारीच्या पावत्यांची सुतळीने बांधलेली चळत, पत्र्याचे रिकामे डबे, पितळी तराजू आणि मखमलीच्या चिंधीत गुंडाळलेले तीन पाइप.

दुकानाची घरात एकच गोष्ट चालत आली आहे. पणजोबांनी नाशिकच्या भांडी बाजाराच्या तोंडाशी तंबाखूचं दुकान टाकलं, आजोबांनी लढाईच्या (दुसऱ्या महायुद्धाच्या) काळात देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांसाठी स्वतःच्या हाताने पाइप घडवले आणि त्या पाइपांवर घर उभं राहिलं. लग्नकार्यात, श्राद्धाच्या पंगतीत मी ही गोष्ट ऐकत आले. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. आत्या ऐंशीच्या पुढे गेली आहे, आणि दुकानाच्या गादीजवळ बसून वाढलेली माणसं आता घरात मोजकीच उरली आहेत. म्हणून हे काम पुढे ढकलायचं नाही. दादा फोटो काढणार, मी वाचून लिहून काढणार, आणि त्यातून दुकानाचं पुस्तक करायचं.

सलग हिशेब मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी दिसलं. १९६९ च्या महापुरात गोदावरीचं पाणी दुकानात शिरलं होतं. खालच्या फळीवरच्या वह्या तेव्हाच गेल्या, वरच्या राहिल्या. राहिलेल्यांपैकी काहींच्या कडा चिकटून फळीसारख्या झाल्या आहेत. त्यांना आत्ता हात लावायचा नाही असं ठरवलं. सावलीत, टीपकागद घालून, हळूहळू.

२२ जून, रविवार

मोडी वाचणारे सर आले. निवृत्त शिक्षक आहेत, अक्षर समोर धरलं की त्यांचा चेहराच बदलतो. शके १८६४ ची चोपडी उघडली. वर 'श्री', खाली दिवाळी पाडव्याची मिती, म्हणजे नोव्हेंबर १९४२. व्यापाऱ्याचं वर्ष पाडव्याला सुरू होई, त्यामुळे एका चोपडीत इंग्रजी दोन वर्षांचे तुकडे येतात. तारखा लावताना हे सतत ध्यानात ठेवावं लागणार.

रकमा वाचायला आधी खुणा पाठ केल्या. उभी एक रेघ चार आण्यांची, दोन आठ आण्यांच्या, तीन बारा आण्यांच्या. त्यांच्यापुढच्या आडव्या रेघा एकेका आण्याच्या. म्हणजे ५।= असं दिसलं की पाच रुपये सहा आणे. वजन शेर आणि मणात: ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण, आजच्या मापात ३७ किलोंच्या थोडं वर. १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि पाठोपाठ किलो आले. त्या काळातल्या एका वहीत आजोबांनी डावीकडे शेर आणि उजवीकडे किलो असं दोन्ही लिहिलं आहे. गिऱ्हाईक शेरात मागे आणि कागद किलोत लागे.

नोंदीच्या शेवटी जागोजागी 'गु॥' अशी खूण येते. सर म्हणाले, "हे गुजारत. माल किंवा पैसे कोणाच्या हातून आले-गेले, त्याचं नाव. ताई, तुम्ही रकमांच्या आधी ही नावं उतरवून घ्या. हिशेबात माणूस सापडतो तो इथेच."

नावांसाठी वेगळी वही केली.

६ जुलै, आषाढी एकादशी

आत्याकडे दुपार गेली. साबुदाण्याची खिचडी झाल्यावर तिने डोळे मिटले आणि दुकान सांगत गेली. मी मध्ये फारसं बोलले नाही.

दुकान अरुंद आणि खोल. पुढे फळ्यांची दारं, सकाळी एकेक फळी काढून बाजूला रचायची. उजव्या हाताला गादी, तिच्यामागे भिंतीभर डबे. जाड्या पानाचा, बारीक चुरीचा, गुळात मळलेला गुडाखू हुक्क्यासाठी, मशेरीसाठी भाजायचा काळा पत्तीचा तंबाखू. तपकिरीचे डबे वेगळ्या कपाटात, कारण तिला दुसरा वास लागला की गिऱ्हाईक परत करत असे. मद्रासी तपकीर घेणारे शास्त्रीबुवा चिमूट नाकाला लावूनच डबीत भरून घेत. मागच्या अंधाऱ्या खोलीत गोणपाटात बांधलेली निपाणीच्या तंबाखूची बोदं. "पावसाळ्यात ती खोली आधी जपायची. माणसाला ताप आला तर चालेल, बोदाला ओल येता कामा नये, असं आई म्हणायची."

"आणि पाइप, आत्या?"

"ते काचेच्या पेटीत. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती."

"आजोबा कुठे बसून करायचे?"

ती बराच वेळ गप्प राहिली. "करताना मी नाही गं पाहिलं कधी. संध्याकाळी कानस घेऊन बसलेले पाहिलेत. चपडा लावताना पाहिलेत. पण लाकूड कातताना नाही. घरात सांगाडा असता तर आम्हाला दिसलाच असता ना."

हे वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. (सांगाडा म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, चपडा म्हणजे लाखेचं पॉलिश.)

२० जुलै, रविवार

पाइप तपासले. आज कामाचा खरा दिवस झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

तिन्ही एकाच घडणीचे. वरचा गोल प्याला शिसवीचा, दांडी त्याच लाकडातून निघालेली. तोंडात धरायचा भाग म्हशीच्या शिंगाचा, उष्णतेने किंचित वाकवलेला. दोन्ही जिथे जोडले आहेत तिथे चांदीची बारीक कडी. आणि प्याल्याच्या आत, इथे आम्ही दोघंही थांबलो, भाजलेल्या मातीची वाटी. तळाला भोक असलेली, पातळ, बाहेरून सुताचा धागा गुंडाळून घट्ट बसवलेली. दादाने लाकडी काडीने हलकेच उचलली तर ती सुटून हातात आली. वाटी आणि लाकूड यांच्यामध्ये बोटाच्या नखाएवढी मोकळी जागा आहे.

ही वाटी कशासाठी, ते समजायला पाइपाचं शास्त्र थोडं मांडावं लागतं. युरोपात पाइप ब्रायरचे करतात. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांवर वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती गाठ कापून तासन्‌तास पाण्यात उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. त्यामुळे तिच्यातला चीक निघून जातो आणि आत निखारा असला तरी लाकूड पेटत नाही. फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरातलं सेंट क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायर पाइपांसाठी जगात ओळखलं जातं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, इटली शत्रुपक्षात गेली आणि ब्रायर दोस्तराष्ट्रांच्या बाजारात दुर्मीळ झालं. अमेरिकेतसुद्धा तेव्हा स्थानिक झुडपांच्या मुळांचे पाइप निघाले होते.

देवळालीची छावणी त्या वर्षांत गोऱ्या शिपायांनी भरलेली होती. तंबाखू त्यांना मिळत होता. पाइप फुटला किंवा हरवला की दुसरा मिळत नव्हता. आपल्याकडे शिसव होती, पण शिसवीत तेल असतं. नुसता शिसवी प्याला तापला की धूर कडवट लागतो आणि काठ जळत जातो. मातीची वाटी बसवली की आग मातीत राहते, मधली हवा उष्णता अडवते, लाकूड हाताला कोमट लागतं. दुधी भोपळ्याच्या जातीच्या फळाचे जे वाकडे पाइप दक्षिण आफ्रिकेतून युरोपात गेले, त्यांतही असाच वेगळा प्याला वर बसवतात आणि खाली पोकळी ठेवतात. नाशिकच्या भांडी बाजारात हा उपाय कोणाला सुचला?

चिलीम ओढणाऱ्या गावाला तो सुचणं मला अगदी साहजिक वाटतं. मातीत आग ठेवायची, खालच्या तोंडाला ओली छापी, म्हणजे फडकं, गुंडाळायची, धूर गार करून घ्यायचा, हे इथल्या प्रत्येक धुनीवर चाललेलं असतं. आपला पाइप म्हणजे लाकडी अंगरखा घातलेली चिलीम आहे.

१० ऑगस्ट, रविवार

शके १८६४ आणि १८६५ च्या चोपड्यांतून पाइपांच्या सगळ्या नोंदी काढल्या. सर वाचत होते, मी लिहीत होते.

'कातारी यांस पाइप लाकडी नग' अशी नोंद दर पंधरवड्याला; कातारी म्हणजे लाकूड कातणारा. 'कुंभार यांस वाट्या' महिन्यातून एकदा, शेकड्याच्या भावाने. फुटीचा हिशेब वेगळा. 'शिंगवाले' दोन-तीनदा. 'सोनार यांस कड्या', आणि चांदी आपली दिली की त्याची, हेही स्पष्ट लिहिलेलं. प्रत्येकापुढे गु॥ आणि नाव. शेवटी विक्रीच्या बाजूला 'देवळाली कँप'.

आजोबांच्या हाताचं काय होतं, तेही दिसतं. कानस, पॉलिश पेपर, चपडा, मेण, सूत यांचे खर्च दुकानाच्या नावे आहेत. म्हणजे सुटे भाग दुकानात येत, आजोबा ते जुळवत, घासत, वाटी बसवत, चकाकी देत आणि विकत. जुळणी हेही कसबाचं काम आहे. वाटी जरा सैल बसली तर सगळा पाइप वाया. पण 'स्वतःच्या हाताने घडवले' या तीन शब्दांत कातारी, कुंभार, शिंगवाला आणि सोनार असे चार कारागीर झाकले गेले, आणि ऐंशी वर्षं कोणी ते उघडून पाहिलं नाही.

दादा म्हणाला, "काका ऐकून घेणार नाहीत."

"त्यांच्याच बापाचं अक्षर आहे," मी म्हटलं. आजोबांनी काहीच लपवलेलं नाही. पै न्‌ पै, नाव न्‌ नाव लिहून ठेवलं. गोष्ट आखूड केली ती आम्ही.

२४ ऑगस्ट, रविवार

चोपडीतल्या कातारी कुटुंबाचा पत्ता लागला. नातू अजून लाकूड काततो. पोळपाट-लाटणी, देव्हाऱ्याचे खांब, पलंगाचे पाय. सांगाडा आता मोटारीवर चालतो. आजोबांच्या काळी एक जण दोरी ओढायचा आणि दुसरा पटाशी धरायचा, असं त्याने सांगितलं. ओढण्याचं काम घरातल्या बाईचं असायचं. हेही वहीत कुठे नाही.

आमचा पाइप त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा केला, उजेडाकडे धरून दांडीतून पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याच घरचा. भोक बघा."

धुराचं भोक दांडीतून येऊन प्याल्याच्या तळाला बरोबर मध्यावर निघालं पाहिजे. वर निघालं तर तळाचा तंबाखू ओला राहून जळत नाही. खाली निघालं तर ओढच बसत नाही. आणि हे भोक आतल्या आत वाट शोधत जातं, डोळ्याला दिसत नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. आधी चौकोनी ठोकळ्यात प्याला पोखरायचा, मग सामत्याने, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराने, दांडीचं भोक पाडायचं, ते बरोबर उतरलं तरच पुढे लाकूड कातायचं. "भोक चुकलं की ठोकळा चुलीत. कातून मग भोक पाडलं तर मेहनत पण चुलीत."

मी विचारलं, मला एक नवीन करून द्याल का, फक्त दाखवायला? त्याने आनंदाने हो म्हटलं. मजुरी ठरवताना संकोचला, तेव्हा दादाने चोपडीचा फोटो दाखवला. त्याच्या आजोबांचं नाव, पुढे रक्कम. तो मोडी वाचू शकत नाही. सरांनी लावून दिलेल्या अक्षरांवर बोट ठेवून त्याने दोनदा नाव उच्चारलं, मग बायकोला आतून बोलावलं.

नावं मी इथे लिहीत नाही. सगळ्या घरांची परवानगी मिळाली की पुस्तकात पूर्ण येतील.

७ सप्टेंबर, रविवार

आता पाइपांवर घर उभं राहिलं का, हा प्रश्न. अबकारीच्या पावत्यांनी त्याचं उत्तर दिलं. १९४३ मध्ये सरकारने तंबाखूच्या पानावर केंद्रीय अबकारी बसवली. तेव्हापासून किती तंबाखू आला आणि कुठे गेला याचा कागद ठेवावा लागे. १९७९ मध्ये ती पानावरून उठली, तोवरची चळत आपल्याकडे आहे. लढाईच्या ऐन भरातसुद्धा पाइपाची विक्री एकूण विक्रीच्या कोपऱ्यात मावते. लढाई संपली, गोरे गेले. नंतर देवळालीच्या तोफखान्याच्या शाळेतले काही हिंदी अफसर गिऱ्हाईक झाले, आणि पन्नाशीच्या मध्यावर पाइपाच्या नोंदी थांबतात.

घर उभं राहिलं ते बिडीवर. आतल्या खोलीतली बोदं बिडीसाठी होती. दुकानाच्या छापाच्या बिड्या होत्या. तंबाखू आणि तेंदूपत्ता मुकादमाकडे जायचा, तिथून घरोघर, आणि वळलेल्या बिड्या परत यायच्या. काही जुन्या नाशकात, पुष्कळशा सिन्नरला.

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको, तरी नव्या पिढीसाठी लिहिते: सिन्नर हे बिडीचं गाव. कॉलेज रोडवर ज्याला आपण सगळे 'बीवायके' म्हणतो, त्या कॉलेजला दिलेलं भिकुसा यमासा क्षत्रिय हे नाव सिन्नरच्या बिडी कारखानदारांचं आहे. वाणिज्य शिकलेली इथली कितीतरी घरं त्या नावाखालून गेली. आमचं दुकान त्या मानाने अगदी लहान, पण पैसा त्याच वाटेने आला.

१४ सप्टेंबर, रविवार

सिन्नर. मुकादमाच्या नातेवाइकांकडून एका मावशींचं घर मिळालं. लहानपणापासून बिड्या वळल्या, आता बोटं साथ देत नाहीत. ओटीवर बसवलं, चहा झाला, मग त्यांनी सुनेला सूप आणायला सांगितलं.

"पानं आदल्या रात्री भिजवायची, बाई. फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी फर्मा ठेवून कात्रीने कापायची. शीर जाड असली तर ते पान बाजूला. मग चिमूट तंबाखू, बघ, एवढाच, जास्त झाला की फाटतं, कमी झाला की पोकळ." मोकळ्या बोटांनी त्यांनी वळून दाखवलं. हातात पान नव्हतं, तरी बिडी दिसत होती. तोंड नखाने आत दुमडायचं, खाली दोरा. हजारावर मजुरी.

"हजार पूर्ण व्हायला किती वेळ?"

"पोर रडतं किती त्याच्यावर."

मग छाटीचं सांगितलं. मुकादम जुडी उलगडून पाही, बारीक-जाड काढून टाकी. काढलेल्या बिड्यांची मजुरी नाही. त्या बिड्या मात्र परत मिळत नसत. "त्याचा तंबाखू जळायचाच ना कुठंतरी," मावशी म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. मी कोणत्या घरातली हे त्यांना माहीत होतं.

आमच्या खतावणीत 'छाट' असं खातं आहे. जमेच्या बाजूला.

किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्यात तंबाखू आणि बिडीचं काम पहिल्यापासून होतं. बिडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा १९६६ चा, त्यात घरी वळणारीही कामगार धरली. कल्याण निधी १९७६ चा. मावशींकडे कार्ड आहे, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्याच्यावर मुलाला शाळेत असताना मदत मिळाली. दवाखान्याचाही उपयोग झाला. खोकला मात्र गेला नाही. घरभर तंबाखूची धूळ, तिथेच स्वयंपाक, तिथेच पाळणा.

निघताना मी विचारलं, "मावशी, तुमचं नाव आमच्या पुस्तकात लिहू?"

"लिही की. पण माझ्या एकटीचं नको. आम्ही ओळीने बसायचो." आणि त्यांनी ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवत नावं सांगायला सुरुवात केली. काही हयात, बहुतेक गेलेल्या. सून अधूनमधून भर घालत होती. सगळी उतरवून घेतली.

आमच्या मजुरीच्या वहीत याच बायका 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा आहेत आणि पुढे अंगठा. गु॥ च्या पुढे फक्त मुकादम. सर म्हणाले होते की माणूस इथेच सापडतो. बाईमाणूस इथेही सापडत नाही. ते सिन्नरच्या ओटीवर सापडलं.

२१ सप्टेंबर, रविवार

तंबाखूच्या जुन्या इतिहासाचं प्रकरण किती लांबवायचं? मी एकाच पानात आवरायचं ठरवलं. पोर्तुगिजांबरोबर पान आलं, दख्खनेत रुजलं. असद बेग हा अकबराचा माणूस विजापुरास आला होता. त्याने सतराव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत इथला तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे नेऊन ठेवली, आणि दरबारच्या हकिमाने विरोध केला. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदीचं फर्मान काढलं. त्यातला विजापूरचा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण तंबाखूची वाट दक्षिणेकडून वर गेली आणि आमची बोदंही त्याच बाजूने, निपाणीहून, येत राहिली.

निपाणीबद्दल एक कागद सापडला आहे. १९८१ च्या खतावणीत मार्चनंतर आवक कोरी, समासात काकांच्या अक्षरात 'रस्ता बंद'. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला तो हा काळ. भाव मिळावा एवढीच मागणी, आणि एप्रिलमध्ये गोळीबारात शेतकरी मेले. त्या शेतकऱ्यांचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या साखळीत शेवटी आमचं दुकान होतं. हे प्रकरणात येईल.

२८ सप्टेंबर, रविवार

चिलीम. १९८० च्या सिंहस्थाची पानं पाहिली. एरवी चिलमी कोपऱ्यात पडून असायच्या. त्या वर्षी कुंभाराला आगाऊ रक्कम देऊन ठेवल्याची नोंद आहे. कुंभार तेच घर, ज्याने लढाईत पाइपाच्या वाट्या दिल्या होत्या. नावावरून सरांनी जुळवलं. तपोवनात साधूंचे तळ पडले की धुनीला चिलमी लागत, आणि त्या टिकत नाहीत, हातोहात तडकतात.

कुंभाराच्या घरी आता कोणी चाकावर बसत नाही. मोठ्या सुनेने सांगितलं की सासरे वाटीची माती वेगळी मळायचे, तिच्यात घोड्याची लीद घालायचे, म्हणजे भाजताना ती जळून बारीक पोकळी राहते आणि वाटी आगीने तडकत नाही. आमच्या वाटीचा एक टवका भिंगाखाली पाहिला. छिद्रं आहेत. दादाने फोटो काढला, उत्तम आला.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला आत्याकडे. आपट्याचं पान हातात घेऊन म्हणाली, "माझ्या आजीच्या वेळी बिडी ह्याचीच वळायचे. तेंदू नंतर आला." इतर ठिकाणीही असंच होतं, आपल्या बाजूला पूर्वी आपट्याच्या पानाच्या बिड्या असत. तेंदूचं पान विदर्भाच्या आणि मध्य प्रदेशाच्या जंगलातून रेल्वेने यायला लागलं आणि आपटा मागे पडला. मोडीतल्या सगळ्यात जुन्या तुकड्यात 'पाने' एवढंच लिहिलेलं आहे, गाडीभाडं लावलेलं नाही. ती आसपासच्या डोंगरातली आपट्याची असावीत असा माझा तर्क आहे. पुस्तकातही तर्क म्हणूनच लिहीन.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सगळे एकत्र बसलो. काका, आत्या, दादा, वहिनी, मी. मसुद्याची पहिली तीन प्रकरणं वाचून दाखवली.

काका आधी गप्प होते. आजोबांना ते अण्णा म्हणतात. मग म्हणाले, "म्हणजे अण्णांनी काहीच केलं नाही, असं लिहिणार तू?"

"नाही काका. अण्णांनी काय केलं तेच लिहिलंय. चार जणांचं काम त्यांनी एकत्र आणलं, वाटीची जुळणी बसवली, प्रत्येकाचे पैसे वेळेवर दिले आणि नाव लिहून ठेवलं."

"पाइपाचं ठीक आहे. ते छाटीचं कशाला? तेव्हा सगळेच करायचे."

आत्या म्हणाली, "सगळे करायचे म्हणून आपण केलं, असंच लिहू दे तिला. खोटं कुठे आहे त्यात?"

काकांनी मान वळवली. मग धाकट्या आजोबांचा विषय निघाला. गादीवर बसून ते दिवसभर तंबाखू गालात धरत. जिभेच्या कडेला जखम झाली, ती बरी होईना, आणि मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा उशीर झाला होता. घरात आजवर 'पोटाचं दुखणं' सांगत आलो. मी तंबाखूचा इतिहास लिहिते आहे. त्यात हे नसेल तर बाकीच्याला काही किंमत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले; बिडी ओढणारे ७.७ टक्के, सिगारेट ओढणारे ४ टक्के. आकडे छापता येतात. पण आमच्या गादीवरच्या माणसाचं तोंड उघडत नव्हतं, शेवटी भाताची पेज चमच्याने घालावी लागे, हे आत्याने पाहिलं आहे आणि ती सांगायला तयार आहे.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "दुकान मी का बंद केलं माहीत आहे का तुला? कायदा आला, शाळेपासून शंभर यार्डांत विकायचं नाही. लोक म्हणाले, पलीकडच्या गल्लीत गाळा बघ. मी बघितला नाही. मला धाकट्या काकांचा चेहरा आठवायचा." हे त्यांनी याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. काकूंनासुद्धा.

"लिहू का हे?"

"लिही. माझ्या शब्दांत लिही, वाढवू नकोस."

जसं बोलले तसं वर उतरवलं आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

कातारींनी नवा पाइप पूर्ण केला. शिसव, शिंग, आणि वाटी सध्या आमच्या जुन्या पाइपातली काढून बसवून पाहिली, बसली. धुराचं भोक मध्यावर उतरलं आहे. तंबाखू भरायचा नाही, हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. दांडीतून फुंकर घालून ओढ तपासली.

पुस्तकाची रचना नक्की झाली. पहिलं प्रकरण सिन्नरच्या ओटीचं, दुसरं बोदं आणि निपाणीचं, पाइप तिसरा. चिलीम आणि सिंहस्थ एकत्र. धाकट्या आजोबांचं आणि दुकान बंद होण्याचं शेवटी. मुखपृष्ठावर आजोबांचा फोटो घ्यावा अशी काकांची इच्छा आहे, आणि तो योग्यच आहे. मागच्या मुखपृष्ठावर मजुरीच्या वहीचं अंगठ्यांचं पान जाईल. परवानग्यांपैकी सोनाराच्या घराची तेवढी बाकी आहे, ते कुटुंब पुण्याला गेलं आहे, दादा फोन करतो आहे.

मूळ चोपड्या स्कॅन झाल्यावर सार्वजनिक वाचनालयाला विचारून पाहायच्या. १८४० पासूनची संस्था आहे, कागद कसा जपावा ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पुरात चिकटलेल्या वह्यांपैकी एकीची पानं सुटायला लागली आहेत. पुढच्या रविवारी सर ती घेऊन बसणार. वरच्या पानावर शके १८५२ दिसतं आहे.

मावशींनी सांगितलेल्या नावांची यादी स्वच्छ लिहून सिन्नरला पाठवली. सुनेचा निरोप आला की दोन नावं राहिली आहेत, ती मावशींना आता आठवली. घातली.